खर्जाची तार

दिवाळीच्या अंकात भयाचा विषय काढणे म्हणजे लाडू-करंजीच्या ताटात पाडव्याचा कडुनिंब वाढणे, असे एखाद्याला वाटेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडून, त्याचा कडू रस जिभेच्या टोकाला लावल्याशिवाय फराळाला हात न लावणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेव्हा आरंभी थोडे कडू चालावे. शिवाय ज्या भयाविषयी मला लिहावयाचे आहे, त्याची चव शेवटपर्यंत कडूच राहते असे नाही.

हे भय ईश्वराचे, आणि तेही ख्रिस्ती श्रद्धेतील. त्या श्रद्धेकडे बाहेरून पाहणारा वाचक येथे हमखास अडखळतो. बायबलातील नीतिसूत्रांचा कर्ता शहाणपणाची पहिली पायरी म्हणून ईश्वराच्या भयाकडे बोट दाखवतो. आणि त्याच ग्रंथाच्या उत्तरार्धात योहानाचे पत्र सांगते की, प्रेम पूर्णत्वाला पोचले की भयाला तेथे जागा उरत नाही. मग भ्यावे की न भ्यावे? धर्मपंडितांनी याची उत्तरे दिली आहेत, आणि त्यांतले एक आपण पुढे पाहणार आहोत. पण मला स्वतःला या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर मिळाले ते एका कथाकाराकडून. तो विद्वान नव्हता. भांडी सांधण्याचा धंदा करणाऱ्या बापाच्या पोटी जन्मलेला आणि स्वतःही तोच धंदा केलेला, इंग्लंडातील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा जॉन बन्यन.

त्याचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा ग्रंथ मराठीला परका नाही. १६७८ साली निघालेल्या या ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाले; म्हणजे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’च्याही सोळा वर्षे आधी. मराठी गद्यकथेचा इतिहास सांगणाऱ्यांना त्याचा उल्लेख टाळता येत नाही. परंतु उल्लेख होणे वेगळे आणि वाचले जाणे वेगळे. त्यातही या ग्रंथाचा दुसरा भाग, जो बन्यनने सहा वर्षांनी, १६८४ साली लिहिला, तो फारच थोड्यांच्या हाती पडतो. पाठीवर पापाचे गाठोडे घेऊन निघालेला ख्रिश्चन नावाचा यात्रेकरू पुष्कळांना ठाऊक असतो. दुसऱ्या भागातील फिअरिंग नावाचा भित्रा म्हातारा सहसा कोणाला ठाऊक नसतो. मला तर हा म्हातारा साऱ्या ग्रंथाची किल्ली वाटतो. त्याला आपण सोयीसाठी भीरू म्हणू.

भीरूकडे वळण्यापूर्वी त्याच्या जनकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भय हा बन्यनचा ऐकीव विषय नव्हे. १६६६ साली लिहिलेल्या आत्मवृत्तात तो सांगतो की, नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला भुताखेतांची आणि नरकाच्या आगीची स्वप्ने पडत. मग काय झाले? त्या स्वप्नांनी मुलगा सुधारला का? मुळीच नाही. काही दिवसांनी स्वप्ने पडेनाशी झाली, मुलगा ती विसरला आणि पूर्वीपेक्षाही मोकाट सुटला. बन्यन हे एक-दोन वाक्यांत सांगून पुढे जातो. पण मुलांना धाकात ठेवण्यासाठी देवाला घराचा फौजदार करून ठेवणाऱ्या आईबापांनी तेथे क्षणभर थांबावे. ‘देव शिक्षा करील’ हे वाक्य ख्रिस्ती घरांतच बोलले जाते असे थोडेच आहे!

पुढे तरुणपणी एका रविवारी तो गावात खेळत होता. खेळही आपल्या विटीदांडूचाच इंग्रजी भाऊ. विटीला एक टोला बसलेला, दुसरा मारायला हात उचललेला, आणि तेवढ्यात त्याच्या मनात जणू आकाशातून प्रश्न उतरला की, पाप सोडून स्वर्गाला जाणार की पापासह नरकाला? याहूनही मासलेवाईक गोष्ट घंटेची. गावच्या देवळाची घंटा वाजवण्याचा त्याला भारी नाद. हा नाद म्हणजे पोकळ करमणूक, असे पुढे त्याच्या मनाने घेतले. वाजवणे सोडले, पण पाहायला जाणे सुटेना. मग वाटू लागले, घंटाच डोक्यावर पडली तर? म्हणून तो एका जाड तुळईखाली उभा राहू लागला. मग वाटले, घंटा भिंतीवर आदळून उलटी आपल्याकडे आली तर? म्हणून दाराशी उभा राहू लागला. शेवटी वाटले, सगळा मनोराच कोसळला तर? आणि त्याने तेथून पळ काढला. एल्स्टोचा तो मनोरा अजून उभा आहे.

या गोष्टीतला विनोद उघड आहे आणि बन्यनलाही तो कळलेला असावा. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. हे भय माणसाला फक्त जागा बदलायला लावते. तुळईखालून दाराशी, दारातून रस्त्यावर. ज्याचे भय वाटते त्याच्यापासून दूर जायचे, एवढेच त्याला ठाऊक. असल्या भयाला अंत नसतो, कारण मनोऱ्यापलीकडे आभाळ आहे आणि तेही कोसळू शकते!

पंडितांपैकी एकाचे उत्तर पाहू असे वर म्हटले, ते येथे उपयोगी पडेल. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन याने योहानाच्या त्याच पत्रावर प्रवचने करताना दोन बायकांचा दाखला दिला. दोघीही नवऱ्याला भितात. एक बाहेरख्याली आहे. नवरा घरी येईल म्हणून ती भिते. दुसरी पतिव्रता आहे. नवरा आपल्याला सोडून जाईल म्हणून ती भिते. शब्द एकच, परंतु एकीला त्याचे येणे नको आहे आणि दुसरीला त्याचे जाणे. प्रेम हद्दपार करते ते पहिले भय. दुसरे तर प्रेमाच्याच पोटी जन्मते आणि त्याच्याबरोबर वाढते. पुढे तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या महापंडिताने या भेदाला गुलामाचे भय आणि पुत्राचे भय अशी शास्त्रीय मांडणी दिली.

मराठीने हा भेद कोणत्याही धर्मपीठाला न विचारता आपल्या परीने केलेला आहे. कोणाला ‘भित्रा’ म्हटले तर तो शिवी समजेल. पण ‘पापभीरू’ म्हटले तर मान खाली घालून थोडासा सुखावेल. दोन्ही शब्दांत भय आहे. पहिला माणूस आपल्या अंगाला काय होईल म्हणून भितो, दुसरा आपल्या हातून काय होईल म्हणून. बन्यनचा भीरू हा पहिल्या शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत चालत गेलेला माणूस आहे, आणि गंमत अशी की आपण चालत गेलो हे त्याला स्वतःला अखेरपर्यंत कळत नाही.

आता कथेकडे वळू. या ग्रंथातील सर्व यात्रेकरूंना शेवटी एक नदी लागते. पलीकडे स्वर्गनगर. पूल नाही. नदी म्हणजे मृत्यू, हे सांगायला नकोच. पण या नदीचे पाणी प्रत्येकाला सारखे लागत नाही. नगरीच्या राजावर ज्याचा जेवढा विश्वास, त्याप्रमाणे ते खोल किंवा उथळ होते. ही कल्पनाच मोठी सुंदर आहे. तीन यात्रेकरू ही नदी कसे उतरतात ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

पहिला खुद्द नायक ख्रिश्चन. वाटेत राक्षसाशी झुंजलेला, कैद भोगलेला हा वीर नदीत पाऊल टाकताच बुडू लागतो. काळोख आणि भीती त्याला घेरतात, मागचे सारे विसरते, आणि सोबती होपफुल त्याचे डोके पाण्यावर धरून कसाबसा त्याला पार नेतो. दुसरा इग्नोरन्स, म्हणजे अज्ञान. हा तरतरीत, बोलका तरुण. आपले मन चांगले आहे अशी ग्वाही त्याला त्याचेच मन देत असते. उपासतापास, दानधर्म सारे यथास्थित. भय हा शब्द त्याच्या कोशात नाही. तो नदीवर येतो तेव्हा पोकळ आशा नावाचा एक नावाडी त्याला होडीत बसवून अलगद पलीकडे सोडतो. पायसुद्धा भिजत नाही! पण वर दाराशी त्याच्याकडे दाखला मागतात, तो छातीशी चाचपतो, दाखला नसतो. आणि त्याचे हातपाय बांधून त्याला डोंगराच्या कुशीतल्या एका दारातून नरकात टाकतात.

तिसरा भीरू. दुसऱ्या भागात त्याची हकीकत वाटाड्या ग्रेटहार्ट सांगतो, आणि ती सांगताना त्याच्या बोलण्यात जी माया उतरते ती पहिल्या भागात क्वचितच आढळते. निराशेच्या दलदलीपाशी भीरू महिन्याहून अधिक काळ रडत बसला. इतर लोक त्याच्या डोळ्यांदेखत पार गेले, कित्येकांनी हात पुढे केला, तो जाईना. परत घरी फिरायलाही तयार होईना. शेवटी एका उन्हाच्या सकाळी, कसा कोण जाणे, पार झाला. आणि पार झाल्यावर आपण पार झालो हे त्याला खरे वाटेना. ती दलदल त्याच्या मनातच होती आणि तो तिला सगळीकडे बरोबर नेत होता, असे वाटाड्याचे निदान आहे. दाराशी आला तर इतरांना पुढे जाऊ देत उभा. हळूच एक-दोन थापा मारल्या, आणि दार उघडल्यावर मागे सरला. पुढच्या घरी तर थंडीच्या लांब रात्री बाहेर उपाशी कुडकुडत काढल्या. मला आत घ्यावे आणि खंबीर सोबती द्यावा, असे घरधन्याच्या नावाचे पत्र त्याच्या खिशातच होते! पण हाक मारण्याचा धीर झाला नाही.

येथपर्यंत वाचक त्याला हसतो. आणि मग बन्यन हळूच पान उलटतो. अवघड डोंगर आला. भीरू भ्याला नाही. सिंह आले, त्यांचीही भीती नाही. नम्रतेच्या दरीत, जेथे ख्रिश्चनला जिवाच्या कराराने लढावे लागले होते, तेथे हा इतका रमला की जमिनीला मिठी मारावी, फुलांचे मुके घ्यावे, पहाटे उठून दरीत हिंडावे. पुढे जगाच्या बाजारात, जेथे सारे विकाऊ असते, तेथे तर हा म्हातारा त्या साऱ्या दुकानदारांशी एकटा भांडायला उठला. दोघांचीही डोकी फुटतात की काय, असे वाटाड्याला भय पडले! मृत्युछायेच्या दरीत मात्र तो भुतांच्या भयाने मरायला टेकला, पण त्या दिवशी ती दरी कधी नव्हे इतकी शांत होती. कोणाची तरी तशी आज्ञा होती.

वाटाड्या या साऱ्याचा उलगडा एका वाक्यात करतो. या माणसाला संकटांचे भय नव्हतेच. शेवटी आपला स्वीकार होईल की नाही, एवढेच त्याचे भय होते. ऑगस्टीनच्या दुसऱ्या बाईचे भय ते हेच. नदीकाठी येतो तेव्हाही त्याचे रडणे बुडून मरण्यासाठी नाही; ज्या मुखाच्या दर्शनासाठी इतके कोस चाललो ते आता दिसणार नाही, यासाठी आहे. आणि त्या दिवशी नदीचे पाणी कधी कोणी पाहिले नव्हते इतके उतरलेले होते. भीरू पार गेला तेव्हा त्याचे जेमतेम पाय भिजले.

होडीत बसून गेलेला निर्भय तरुण आणि पायी गेलेला भित्रा म्हातारा, दोघेही जवळजवळ कोरडेच पार झाले. पण दोघांच्या कोरडेपणात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या भागात इग्नोरन्स मागे पडल्यावर दोन यात्रेकरू नेमकी भयाचीच चर्चा करतात. खऱ्या भयाच्या तीन खुणा ते सांगतात: ते पापाच्या जाणिवेतून उगवते, माणसाला तारणाऱ्याकडे धाव घ्यायला लावते, आणि ईश्वराविषयीचा आदर मनात जागता ठेवते. यातली मधली खूण मला निर्णायक वाटते. भय खरे की खोटे, हे त्याच्या तीव्रतेवरून ठरत नाही, दिशेवरून ठरते. मनोऱ्यापासून पळणारा बन्यन आणि दाराशी कुडकुडणारा भीरू दोघेही थरथरत आहेत. पण भीरू दार सोडून जात नाही.

हे नुसते कथेतले तत्त्वज्ञान नव्हे. परवान्यावाचून प्रवचन केल्याबद्दल १६६० साली बन्यनला पकडले आणि तो १६७२ पर्यंत, बारा वर्षे, बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. प्रवचन करणार नाही एवढे कबूल केले असते तर सुटका होती. बाहेर दुसरी बायको एलिझाबेथ आणि पहिलीची चार मुले. त्यांतली थोरली मुलगी आंधळी. १६६१ साली एलिझाबेथ न्यायाधीशांपुढे उभी राहून नवऱ्यासाठी भांडली. उपयोग झाला नाही. बन्यन तुरुंगात बसून नाड्या विणी आणि त्या विकून घराला हातभार लावी. आंधळ्या मुलीच्या आठवणीने अंगावरचे मांस ओढून काढल्यासारखे होते, असे तो लिहितो. घंटेखाली उभे राहायला भ्यालेला हाच तो तरुण! राजाच्या न्यायाधीशांना तो आता भीत नाही, कारण भ्यायचे कोणाला हे त्याच्या मनात एकदाचे ठरले आहे. सिंहांना न भिणारा भीरू त्याला बाहेर शोधावा लागला नसेल.

असे असले तरी बन्यनचे सारेच आपण स्वीकारावे असे मला वाटत नाही. इग्नोरन्सचा शेवट मला आजही खुपतो. त्या तरुणाचे नावच लेखकाने अज्ञान ठेवले; म्हणजे साक्ष होण्यापूर्वीच निकाल लागला. ज्या राजाने भीरूसाठी नदीचे पाणी उतरवले, तो या मुलाला पाहायलाही खाली येत नाही. रूपककथेची ही अंगभूत उणीव आहे: तीत माणसे गुणांची नावे घेऊन जन्मतात आणि त्यांना बदलण्याची मुभा नसते. निर्भयपणा पोकळ असू शकतो हे पटते. त्याची शिक्षा एवढी निष्ठुर का, हे पटत नाही. तेथे कथाकारावर नऊ वर्षांच्या मुलाच्या स्वप्नांनी मात केली असे वाटते.

ती स्वप्ने ख्रिस्ती व्यासपीठांवर पुढेही पुष्कळ काळ राज्य करीत होती. १७४१ सालच्या ८ जुलैला, आज अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात असलेल्या एनफिल्ड गावी, जोनाथन एडवर्ड्स याने केलेले प्रवचन प्रसिद्धच आहे. आगीवर धरलेल्या कोळ्याप्रमाणे पापी माणूस क्रुद्ध देवाच्या हातात लोंबकळत आहे, हे चित्र त्याने असे रंगवले की श्रोत्यांच्या आक्रोशाने त्याला मध्येच थांबावे लागले. एडवर्ड्सवर अन्याय करू नये. त्या प्रवचनाच्या शेवटी दयेचे दार उघडे असल्याचे तो सांगतो, आणि ईश्वराच्या सौंदर्यावर त्याने इतरत्र जे लिहिले आहे ते वाचण्याजोगे आहे. पण लोकांच्या लक्षात कोळी राहिला, दार राहिले नाही. भयाचे चित्र काढणे सोपे असते. भ्यालेल्या माणसासाठी दाराबाहेर येणारा घरधनी रंगवणे अवघड, आणि ते बन्यनला भीरूच्या गोष्टीत साधले.

पहिल्या भागातला नायक कानात बोटे घालून, बायकोमुलांना मागे टाकून एकटाच पळत सुटतो. दुसऱ्या भागात तीच बायको, मुले आणि शेजारीण निघतात. वाटेत लंगडे, दुबळे, खिन्न असे कितीतरी सोबती मिळतात आणि सगळ्यांना सांभाळून वाटाड्या हळू चालतो. सहा वर्षांत लेखकाचा हात मऊ झाला आहे. ईश्वराचा धाक तोच आहे, पण त्या धाकात आता एकमेकांचा हात धरून चालता येते. म्हणून कलाकृती म्हणून पहिला भाग कितीही बांधेसूद असला, तरी घरात मोठ्याने वाचण्यासाठी मी दुसराच निवडीन.

भीरूविषयी वाटाड्याने एक दृष्टांत दिला आहे. गवई वाद्य जुळवताना आधी खालची, गंभीर तार छेडतो. देवही माणसाचे मन जुळवू लागला की आधी तीच तार छेडतो. तंबोऱ्याच्या खर्जाची ज्याला ओळख आहे, त्या मराठी वाचकाला यावर भाष्य नको. भय हा खर्ज आहे. तो नसेल तर वरचे सारे सूर हलके पडतात. पण वाटाड्या तेवढ्यावर थांबत नाही. भीरूचा दोषही तो सांगतो: अगदी अखेरीपर्यंत त्याला दुसरी तार छेडताच आली नाही. खर्ज हवा, नुसता खर्ज म्हणजे गाणे नव्हे. योहानाचे पत्र आणि नीतिसूत्रे यांचा वाद या एका दृष्टांतात मिटतो.

ग्रंथाच्या अखेरीस डिस्पॉन्डन्सी नावाचा एक खिन्न म्हातारा आणि त्याची मुलगी मच-अफ्रेड, म्हणजे फार भ्यालेली, यांना नदीचे बोलावणे येते. बाप मृत्युपत्र करतो. द्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नाही. आपली खिन्नता आणि आपली गुलामी भये आपल्यामागे कोणीही वारसा म्हणून घेऊ नयेत, एवढीच त्याची इच्छा. कारण ती दारोदार आसरा मागत फिरतील हे त्याला माहीत आहे. आपल्या मुलांना काय देऊ नये याचा असा विचार करणारे मृत्युपत्र माझ्या वाचनात दुसरे नाही.

मग दोघे नदीत उतरतात. बाप रात्रीचा निरोप घेत उतरतो. मुलगी गात गात जाते. ती काय गात होती हे काठावरच्या कोणालाच कळले नाही, असे बन्यन लिहितो. कळले असते तर त्याने ते सांगितलेच असते. हातचे राखून लिहिणारा तो लेखक नव्हे.